गेल्या आठवड्यात की गेल्या आठवडाभरात? इंग्रजी काळदर्शक शब्दांतला 'द'

मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांवर तिथल्या डॉक्टरकडे जाण्याची वेळ येते. इंग्रजी बऱ्यापैकी येत असते. आठ दिवस ताप येतो आहे आणि अजून उतरलेला नाही, एवढेच सांगायचे असते. तोंडून वाक्य निघते : 'आय हॅड फीव्हर लास्ट वीक.' डॉक्टरला त्यातून कळते ते एवढेच, की मागच्या आठवड्यात ताप होता आणि तो येऊन गेला. म्हणायला हवे होते : 'आय हॅव हॅड फीव्हर फॉर द लास्ट वीक.' पहिल्या वाक्यातला ताप संपलेला आहे, दुसऱ्यातला अजून अंगात आहे. दुसऱ्या वाक्यात 'हॅव' आणि 'फॉर'ही आले आहेत, पण 'लास्ट वीक' या दोन शब्दांचा अर्थ पालटतो तो त्यांच्यामागे बसलेल्या 'द'मुळे.

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी लिहिताना सर्वांत जास्त सतावणारा शब्द हाच. तो इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्दही आहे, म्हणून टाळता येत नाही. वस्तूंच्या बाबतीत आपण सरावाने निभावून नेतो. 'द सन', 'द गंगा', 'द बायबल' हे पाठ असते. वेळेच्या शब्दांपाशी मात्र गाडी अडते. 'इन द मॉर्निंग' म्हणायचे आणि 'ॲट नाइट' म्हणायचे, 'नेक्स्ट वीक'ला 'द' नको आणि 'द नेक्स्ट डे'ला हवा. पुस्तकात ही रूपे यादीसारखी दिलेली असतात आणि यादी परीक्षेनंतर विसरायला होते. माझे म्हणणे असे, की यादीतली बहुतेक रूपे एका प्रश्नाने सुटतात आणि त्या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला आधीपासून ठाऊक असते.

आधी एक गैरसमज दूर करू. मराठीत 'द'सारखा शब्द नाही म्हणून आपल्याला त्यामागची कल्पनाच परकी आहे, असे मानले जाते. ते खरे नाही. गोष्ट सांगताना आपण 'एक राजा होता' असे म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात 'तो राजा' म्हणतो. पहिल्यांदा 'एक', मग 'तो'. इंग्रजीतला 'अ' हा जुन्या इंग्रजीतल्या 'एक' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे आणि 'द' हा 'तो, ती, ते' या दर्शक सर्वनामांच्या कुळातला आहे. म्हणजे मूळ विभागणी दोन्हीकडे तीच. फरक एवढाच, की इंग्रजीने हे शब्द झिजवून बहुतेक नामांमागे सक्तीचे केले आणि मराठी ते गरजेपुरते वापरते. बाकीचे काम मराठी इतर मार्गांनी करते. वेळेच्या बाबतीत ते मार्ग फार नेमके आहेत : 'गेला' आणि 'शेवटचा', 'आठवड्यात' आणि 'आठवडाभरात', 'उद्या' आणि 'दुसऱ्या दिवशी'.

आता तो प्रश्न. हा काळ कुठून मोजला आहे?

समजा आज बुधवार, 10 जून आहे. भिंतीवरचे कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवा. 'लास्ट वीक' म्हणजे या आठवड्याच्या आधीची कॅलेंडरवरची पूर्ण ओळ, सोमवार 1 जून ते रविवार 7 जून. मराठीत आपण याला 'गेल्या आठवड्यात' म्हणतो. 'द लास्ट वीक' म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस, 3 जूनपासून आत्तापर्यंत. हा झाला 'गेला आठवडाभर'. पहिला तुकडा आजला चिकटलेला नाही, तो संपला. दुसऱ्याचे एक टोक आज, या क्षणी आपल्या हातात आहे. म्हणूनच पहिल्याबरोबर साधा भूतकाळ येतो, 'ही केम लास्ट वीक', आणि दुसऱ्याबरोबर पूर्ण वर्तमानकाळ, 'ही हॅज कम ट्वाइस इन द लास्ट वीक'.

पुढच्या बाजूलाही तेच. 'नेक्स्ट वीक' म्हणजे 15 ते 21 जून. 'इन द नेक्स्ट वीक' म्हणजे आजपासून सात दिवसांत, 17 जूनपर्यंत. महिन्याच्या बाबतीत हा फरक पैशांवर येतो. एखाद्या ग्राहकाने 10 जूनला लिहिले, 'आय विल पे नेक्स्ट मंथ', तर पैसे जुलैत येणार आणि ते 31 जुलैला आले तरी त्याने शब्द पाळला. 'आय विल पे विदिन द नेक्स्ट मंथ' असे लिहिले, तर 10 जुलैच्या आत यायला हवेत. एका 'द'ने मुदत तीन आठवडे अलीकडे आली. मराठीत आपण पहिल्याला 'पुढच्या महिन्यात' म्हणतो आणि दुसऱ्याला 'येत्या महिन्याभरात'. आपल्या 'भर' या लहानशा शब्दाने जे काम होते, तेच तिथे 'द' करतो. इंग्रजी लिहिण्याआधी मनातल्या मराठी वाक्यात 'भर' घालून पाहावा. अर्थ न बिघडता तो बसला, तर 'द' लागतो. ही खूण मला कुठल्याही नियमापेक्षा भरवशाची वाटते.

'लास्ट'बद्दल आणखी एक. इंग्रजीत 'गेला' आणि 'शेवटचा' या दोन्हींना हा एकच शब्द आहे, त्यामुळे तिथे 'द'वर जास्त भार पडतो. 'लास्ट संडे' म्हणजे गेला रविवार. 'द लास्ट संडे ऑफ द मंथ' म्हणजे महिन्यातला शेवटचा रविवार. 'द लास्ट डे' म्हणजे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. 'फर्स्ट', 'सेकंड', 'थर्ड' या क्रमवाचकांमागेही याच कारणाने 'द' असतो. 'द फर्स्ट वीक ऑफ जून' असा आठवडा एकच असू शकतो. कोणता, हे ठरलेले आहे. जिथे 'कोणता?' या प्रश्नाला एकच उत्तर आहे, तिथे 'द' येतो.

मग 'लास्ट वीक'सुद्धा एकच असतो की, त्याला 'द' का नाही? शंका रास्त आहे. याचे उत्तर असे, की 'धिस', 'लास्ट', 'नेक्स्ट' हे शब्द बोलणाऱ्याच्या 'आत्ता'वरून मोजले जात असतील, तर कोणता आठवडा हे ते स्वतःच ठरवून टाकतात आणि 'द'ची जागा तेच घेतात. शिवाय मागे 'इन', 'ऑन', 'ॲट' यांतलेही काही उरत नाही. 'ऑन लास्ट मंडे', 'इन नेक्स्ट मंथ' ही आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रांत नेहमी दिसणारी रूपे याच कारणाने चुकीची आहेत. 'सोमवारी'तला 'ई' आणि 'महिन्यात'मधला 'त' या प्रत्ययांना इंग्रजीत काही तरी द्यायलाच हवे असे आपल्याला वाटते आणि 'ऑन' किंवा 'इन' येऊन बसतो. नुसते 'लास्ट मंडे', नुसते 'नेक्स्ट मंथ' पुरेसे आहे. 'एव्हरी मॉर्निंग', 'धिस इव्हनिंग', 'टुमॉरो मॉर्निंग' यांनाही हेच लागू. 'आज सकाळी'चे 'टुडे मॉर्निंग' आणि 'काल रात्री'चे 'यस्टरडे नाइट' आपल्याकडे सर्रास होते. इंग्रजांच्या तोंडी ती 'धिस मॉर्निंग' आणि 'लास्ट नाइट' असतात. 'यस्टरडे मॉर्निंग' आणि 'यस्टरडे इव्हनिंग' मात्र बरोबर आहेत. 'लास्ट मॉर्निंग' असे कोणी म्हणत नाही. इथे नियम शोधत बसू नये, वहिवाट आहे.

आता भारतीय इंग्रजीतले बहुधा सर्वांत लाडके वाक्य घेऊ आणि ते जरा सावकाश उलगडू. नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत, ओळखपत्राच्या फॉर्मसोबतच्या पत्रात ते भेटते : 'आय ॲम वर्किंग इन पुणे सिन्स लास्ट टू इयर्स.' हे वाक्य इंग्रजी शब्दांत असले, तरी त्याचा सांगाडा पूर्ण मराठी आहे : 'मी गेल्या दोन वर्षांपासून पुण्यात काम करतो आहे.' 'पासून'चा झाला 'सिन्स', 'गेल्या'चा झाला 'लास्ट', 'करतो आहे'चे झाले 'ॲम वर्किंग'. तिन्ही ठिकाणी पाऊल चुकले. मराठीतला 'पासून' दोन कामे करतो : '2023पासून' असा एखादा बिंदू दाखवतो आणि 'दोन वर्षांपासून' असा लांबीचा पट्टाही. इंग्रजीत बिंदूला 'सिन्स' आणि पट्ट्याला 'फॉर' अशी वाटणी आहे. दोन वर्षे हा पट्टा, म्हणून 'फॉर'. तो पट्टा आजला येऊन टेकतो, म्हणून 'द'. काम मागे सुरू होऊन आजवर चालू आहे, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. पूर्ण वाक्य : 'आय हॅव बीन वर्किंग इन पुणे फॉर द लास्ट टू इयर्स.' 'सिन्स'च वापरायचा असेल, तर बिंदू द्यावा : 'सिन्स 2023'. त्याला 'द' नको, कारण सालाचा आकडा स्वतःच नाव आहे.

या उदाहरणातून एक पक्का नियम हाती येतो. 'लास्ट' किंवा 'नेक्स्ट'च्या पुढे आकडा आला, 'टू वीक्स', 'थ्री डेज', 'टेन इयर्स', की 'द' लावायचाच. 'लास्ट थ्री डेज' हे सुटे रूप शिष्ट लेखनात नाही. आकडा आला म्हणजे आपण पट्टा मोजतो आहोत आणि पट्ट्याला 'द' लागतो. 'फ्यू' हा शब्दही इथे आकड्यासारखाच वागतो : 'द नेक्स्ट फ्यू डेज'. 'लास्ट'ऐवजी 'पास्ट' वापरणाऱ्याचे काम आणखी सोपे होते. 'द पास्ट वीक', 'द पास्ट मंथ', 'द पास्ट फाइव्ह इयर्स' : अशा पट्ट्याच्या अर्थाने 'पास्ट' आला, की 'द' येतोच आणि 'शेवटचा' हा दुसरा अर्थ त्याला चिकटत नाही. डॉक्टरशी बोलताना किंवा विम्याचा अर्ज भरताना शंका आली, तर 'पास्ट' वापरावा.

इथपर्यंत आपण 'आत्ता'पासून मोजत होतो. आता दुसरी शक्यता : मोजणी गोष्टीतल्या एखाद्या क्षणापासून आहे. इथे मराठी आपल्याला हात धरून नेते. 'उद्या' हा शब्द आपण आजपासूनच मोजतो. गोष्ट सांगताना आपण कधी 'शिवाजीराव पुण्याला पोचले आणि उद्या साताऱ्याला निघाले' असे म्हणत नाही. आपण म्हणतो, 'दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघाले.' जिथे मराठीत 'दुसऱ्या दिवशी' येते, तिथे इंग्रजीत 'द नेक्स्ट डे' किंवा 'द फॉलोइंग डे' येते, 'द'सह. जिथे 'आदल्या दिवशी' किंवा 'आदल्या रात्री' येते, तिथे 'द प्रीव्हियस डे', 'द डे बिफोर', 'द नाइट बिफोर'. 'त्याच्या पुढच्या वर्षी' असेल तर 'द नेक्स्ट इयर' किंवा 'द फॉलोइंग इयर'. नुसते 'पुढच्या वर्षी', म्हणजे आजच्या हिशेबाने येणारे वर्ष, तर 'नेक्स्ट इयर'.

शाळेत 'इनडायरेक्ट स्पीच' शिकवताना एक तक्ता पाठ करून घेतात : 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे', 'यस्टरडे'चे 'द प्रीव्हियस डे', 'लास्ट वीक'चे 'द प्रीव्हियस वीक', 'टुनाइट'चे 'दॅट नाइट'. एका गुणासाठी तो घोकला जातो आणि त्यामागचे कारण बहुतेक वर्गांत सांगितले जात नाही. कारण एकच आहे. दुसऱ्याचे बोलणे आपण आपल्या तोंडाने सांगू लागलो, की त्याचा 'आत्ता' आपला राहत नाही. मोजणीचा खुंटा हलतो. खुंटा आपल्या आजमध्ये नसेल, तर तो कुठे आहे हे दाखवायला 'द' किंवा 'दॅट' यावा लागतो. हे समजलेल्या मुलाला तक्ता पाठ करावा लागत नाही.

'परवा' या शब्दाकडेही जरा पाहू, कारण इंग्रजी त्याचे तीन तुकडे करते. कालच्या आदला परवा म्हणजे 'द डे बिफोर यस्टरडे', उद्यानंतरचा परवा म्हणजे 'द डे आफ्टर टुमॉरो'. दोन्हींत 'यस्टरडे' आणि 'टुमॉरो' उघडे आहेत आणि 'डे'ला मात्र 'द' आहे, कारण कालच्या लगेच आधीचा दिवस एकच असतो. अमेरिकी बोलण्यात हा 'द' कधी कधी गळतो, लेखनात ठेवावा. तिसरा 'परवा' आपण सैल अर्थाने वापरतो : 'परवा बाजारात तुझा भाऊ भेटला होता.' नेमका कोणता दिवस ते महत्त्वाचे नाही, अलीकडेच कधी तरी. याला इंग्रजीत 'द अदर डे' म्हणतात. दिवस अनिश्चित आणि शब्द मात्र 'द'. अर्थावरून हा 'द' काढता येत नाही, ती भाषेची बांधलेली जोडी आहे. 'एके दिवशी'साठी 'वन डे', तिथे 'द' नाही.

दिवसाच्या भागांकडे येऊ. 'इन द मॉर्निंग', 'इन द आफ्टरनून', 'इन द इव्हनिंग'. दिवसाला सकाळ एकच, दुपार एकच, संध्याकाळ एकच. त्या दिवसाचे हे लांबट भाग आहेत, म्हणून आत असण्याचा 'इन' आणि ठरलेपणाचा 'द'. याउलट 'ॲट नून', 'ॲट मिडनाइट', 'ॲट डॉन', 'ॲट सनसेट' हे घड्याळातल्या काट्यासारखे बिंदू, त्यांना 'ॲट' आणि 'द' नाही. आपली 'दुपार' या दोन्ही ठिकाणी पसरते, म्हणून 'इन द नून' असे रूप आपल्याकडून होते. दुपारी बारा म्हणजे 'ॲट नून', दुपारी तीन म्हणजे 'ॲट थ्री इन द आफ्टरनून'.

'ॲट नाइट' या विभागणीत बसत नाही. रात्र लांब आहे, बिंदू नाही, तरी 'ॲट'. हे जुने, गोठलेले रूप आहे आणि तसेच लक्षात ठेवावे लागते. पण 'इन द नाइट' चूक आहे असे जे सांगितले जाते, ते अर्धेच खरे. 'आय वर्क ॲट नाइट' म्हणजे माझे काम रात्रीचे असते, दिवसाचे नाही. 'आय वोक अप ट्वाइस इन द नाइट' म्हणजे त्या एका रात्रीत मी दोनदा उठलो. मराठीत आपण पहिल्याला 'रात्री' म्हणतो आणि दुसऱ्याला 'रात्रीतून'. 'रात्रीतून दोनदा उठावं लागतं' हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असतेच. तिथे 'इन द नाइट' अगदी बरोबर आहे.

दिवसाचा भाग एखाद्या विशिष्ट तारखेला बांधला, की 'इन' आणि 'ॲट' दोन्ही जाऊन 'ऑन' येतो आणि 'द' सक्तीचा होतो. 'ऑन द मॉर्निंग ऑफ 15 ऑगस्ट 1947'. 'ऑन द नाइट ऑफ 26 नोव्हेंबर 2008'. आता ती कुठलीही रात्र नाही, मुंबईने भोगलेली ती रात्र आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आपल्या 'पहाटे'ला नेमका एक इंग्रजी शब्द नाही. 'ॲट डॉन' म्हणजे तांबडे फुटताना. भूकंप झाला तेव्हा चार वाजायला आले होते, अंधार होता. म्हणून वार्ताहर लिहितो 'इन द अर्ली अवर्स ऑफ 30 सप्टेंबर'. 'अवर्स' हे नाम आले, ते कोणते हे पुढे 'ऑफ'ने सांगितले, म्हणून मागे 'द'.

'ऑफ' ही फार उपयोगी खूण आहे. ऋतूंचेच पाहा. 'इन समर' आणि 'इन द समर' दोन्ही चालतात, अर्थात फारसा फरक नाही. पण 1972च्या दुष्काळाचा उन्हाळा सांगायचा, तर 'इन द समर ऑफ 1972' एवढेच चालते. पावसाळ्याला मात्र सूट नाही : 'इन द मॉन्सून', 'इन द रेनी सीझन'. अमेरिकेत शरद ऋतूला 'फॉल' म्हणतात, तोही बहुधा 'द' घेऊनच येतो, 'इन द फॉल'.

वार आणि महिने ही विशेषनामे, म्हणून त्यांना एरवी 'द' नाही. 'ऑन मंडे', 'इन जुलै'. गोष्टीतला ठरावीक सोमवार असेल तर मात्र 'ऑन द मंडे', म्हणजे 'त्या सोमवारी'. शुक्रवारी पाहुणे आले, शनिवार-रविवार राहिले आणि 'दे लेफ्ट ऑन द मंडे'. कुठलासा सोमवार असेल तर 'ऑन अ मंडे'. आठवड्याअखेरीला ब्रिटनमध्ये 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकेत 'ऑन द वीकेंड'. 'ऑन वीकेंड' हे आपले मराठी 'वीकेंडला'चे भाषांतर आहे आणि ते दोन्हीकडे चालत नाही. दर आठवड्याला असेल तर 'ऑन वीकेंड्स'.

तारखेत एक गमतीचा पेच आहे. कागदावर '15 ऑगस्ट' असे लिहितात, त्यात 'द' कुठेच नाही. मोठ्याने वाचताना ब्रिटिश माणूस म्हणतो 'द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट' किंवा 'ऑगस्ट द फिफ्टीन्थ'. अमेरिकी माणूस म्हणतो 'ऑगस्ट फिफ्टीन्थ'. पण स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला तोच अमेरिकी 'द फोर्थ ऑफ जुलै' म्हणतो, कारण ते सणाचे नाव झाले आहे. महिना न सांगता नुसती तारीख सांगायची असेल, तर बोलताना आणि लिहिताना 'द' हवा : 'द मीटिंग इज ऑन द फिफ्टीन्थ'. सालांचा मामला साधा आहे. 'इन 1960' किंवा 'इन द इयर 1960'. 'इन द 1960' नाही. आपल्या '1960 साली'मधल्या 'साली'ला उत्तर द्यायचेच असेल तर 'इयर' घाला, मगच 'द'. दशक आणि शतक हे पट्टे, त्यांना 'द' आलाच : 'इन द 1960ज', 'इन द ट्वेन्टिएथ सेंच्युरी'. माणूस साठीत असेल तर 'इन हिज सिक्स्टीज', कारण 'हिज' आला की 'द'ची जागा भरली.

आता एक गोष्ट, जी ध्यानात आली की निम्मा गोंधळ मिटतो. 'द' नेहमी त्याच्या लगेच पुढच्या शब्दाचा असेलच असे नाही, तो त्या गटातल्या मुख्य नामाचा असतो. 'ॲट एट ट्वेल्व्ह' म्हणजे आठ बाराला. पण मुंबईकर आठ बाराची लोकल पकडतो तेव्हा 'ही टेक्स द एट ट्वेल्व्ह'. तिथला 'द' वेळेचा नाही, गाडीचा आहे. आपल्या 'आठ बाराची' या शब्दातल्या 'ची'मध्ये जशी गाडी लपली आहे, तशीच त्या 'द'मध्येही. 'इन जुलै' बरोबर आणि 'द जुलै सॅलरी'ही बरोबर, कारण 'द' पगाराचा. मध्यरात्रीला एरवी 'ॲट मिडनाइट' म्हणतात. पंडित नेहरूंनी 14 ऑगस्ट 1947च्या रात्री संविधान सभेत केलेल्या भाषणात 'द मिडनाइट अवर' असा प्रयोग आहे आणि तो निर्दोष आहे, कारण 'द' तिथे 'अवर'चा आहे. 'ओ'क्लॉक' हा शब्द तर 'ऑफ द क्लॉक' याचा आखडलेला अवशेष. त्यातला 'द' लोकांनी बोलता बोलता गिळला.

उच्चाराची एक सूचना. 'द'च्या पुढे स्वराचा उच्चार आला, तर तो 'दि' होतो : 'दि इव्हनिंग', 'दि आफ्टरनून', 'दि एंड', 'दि एट्थ'. 'अवर'मधला 'एच' मुका आहे, म्हणून 'दि अवर' आणि 'दि अर्ली अवर्स'. 'इयर'च्या सुरुवातीला 'य' आहे, म्हणून 'द इयर'. या लेखात वाचनाच्या सोयीसाठी सगळीकडे 'द'च लिहिला आहे.

काही जोड्या अशा आहेत, की तिथे 'द' असण्या-नसण्याने अर्थच बदलतो. ब्रिटिश वापरात 'इन फ्यूचर' म्हणजे 'यापुढे', सूचना देताना वापरायचे, आणि 'इन द फ्यूचर' म्हणजे 'भविष्यकाळात'. अमेरिकेत दोन्हींसाठी 'इन द फ्यूचर'. 'ॲट द टाइम' म्हणजे 'त्या वेळी', 'ॲट अ टाइम' म्हणजे 'एका वेळी', 'ॲट टाइम्स' म्हणजे 'कधीकधी'. औषधाच्या बाटलीवर 'वन ॲट अ टाइम' असते, ते 'अ'सह वाचायला हवे. 'सध्या'साठी 'ॲट प्रेझेंट' उघडे, पण 'ॲट द मोमेंट' 'द'सह. 'दिवसभर'साठी 'ऑल डे' उघडे, पण 'द होल डे' 'द'सह. 'ऑल द डे' आता जुनाट झाले आहे. पण 'सारखे'साठी 'ऑल द टाइम'मध्ये 'द' पक्का आहे. यांत फार तर्क शोधू नये. एकेक जोडी वाक्यात वापरून कानाला लावून घ्यावी.

जोडीने आलेले शब्द बहुतेकदा 'द' टाकून देतात : 'फ्रॉम मॉर्निंग टिल नाइट', 'डे अँड नाइट', 'डे आफ्टर डे'. आपणही 'रात्रंदिवस', 'सकाळ-संध्याकाळ' यांत प्रत्यय गाळतो, म्हणून हे चुकत नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, म्हणजे मुलाची दहावी होईपर्यंत दहा वर्षे 'द' त्याच्या पुस्तकात असतो. यातला एखादा तास वर्गात कॅलेंडर टांगून घ्यावा. आजच्या तारखेवर बोट ठेवायला लावावे आणि मुलांना मराठीतच विचारावे : 'गेल्या आठवड्यात' कुठून कुठपर्यंत, 'गेल्या आठवडाभरात' कुठून कुठपर्यंत, 'उद्या' कुठे आणि गोष्टीतला 'दुसरा दिवस' कुठे? मुले बोटाने बरोबर दाखवतील. त्यानंतर फळ्यावर इंग्रजी वाक्ये लिहावीत आणि 'द' कुठे बसतो हे मुलांनाच सांगू द्यावे.